मिटल्या डोळ्यांचा तास

देवासमोरचा सकाळचा नेम पुरा होईपर्यंत मी बोलत नाही. आई गेली तेव्हापासून हे असं आहे, आणि घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. अप्पा तर त्या वेळात जरा जास्तच बोलतात, कारण समोरून उत्तर यायची भीती नसते. बोलतात ते टीव्हीशी, पण ऐकायला कुणीतरी लागतंच की.

अप्पा म्हणजे आमचे वडील. पाणीखात्यात होते. उभा जन्म रस्ते खणून फुटलेल्या वाहिन्या जोडण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर बातम्यांचं एक चॅनल धरलं ते धरलंच. त्यावर सकाळी कोट घातलेले एक गृहस्थ येतात आणि रोज एकेका सरकारी खात्याची हजेरी घेतात. अप्पा त्यांना 'आपला कोटवाला' म्हणतात. कोटवाल्याने पोस्टाची लाज काढली तेव्हा अप्पा म्हणाले, "मला आधीच माहीत होतं." सरकारी दवाखान्यांची काढली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "घ्या, तुमचीही निघाली." मी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसते. एकदा पाणीखात्याची काढली, तेव्हा मात्र त्यांनी टीव्ही बंद केला. "ह्याला काय कळतंय पाण्यातलं? व्हॉल्व्ह उजवीकडे फिरतो की डावीकडे, ते तरी सांग म्हणावं." दुसऱ्या दिवशी सकाळी चॅनल पुन्हा सुरू. पाणीखातं सोडून बाकी सगळ्या खात्यांबद्दल कोटवाला खरं बोलतो, असं एकंदरीत ठरलं होतं.

त्या सकाळी मी माझ्या कोपऱ्यात बसले होते. टीव्हीवर एक वर्ग दिसत होता, खिडकीतून चोरून घेतल्यासारखा. बाई टेबलावर दोन्ही हातांची घडी करून त्यावर डोकं टेकून पडलेल्या. मुलं जागा सोडून वर्गभर फिरत होती. त्यावर सर्कशीतल्यासारखं संगीत लावलं होतं, आणि मधूनमधून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज. खाली पट्टी फिरत होती, 'बाई झोपेत, मुलं वाऱ्यावर.' एक छोटी मुलगी बाईंच्या कानापाशी वाकली, तशी तिच्याभोवती लाल गोल उमटला आणि चित्र थांबलं.

"हे लेकरू आपल्या बाईंना उठवतंय," कोटवाला म्हणाला. आवाजात कळवळा होता. "मंडळी, तुमच्या घामाचा पैसा कुणाची उशी शिवायला जातोय, ते बघून घ्या."

"पकडली," अप्पांनी मांडीवर थाप मारली. "बरी पकडली. फुकटचा पगार खातात लेकाच्या."

मला बोलता येत नव्हतं. मी उठले आणि पडद्यावर बोट ठेवलं, बाईंच्या कोपराशी.

"काय, धूळ आहे का?" अप्पा म्हणाले.

मी बोट तिथेच ठेवलं. हिरवा स्वेटर, कोपराला पांढऱ्या लोकरीचं ठिगळ. तो स्वेटर मी विणलेला आणि ठिगळही मीच लावलेलं, कारण ह्या कोपरावर डोकं ठेवून ठेवून तो तिथेच विरतो. अप्पांनी ठिगळ बघितलं. मग मान वळवून दाराजवळची खुंटी बघितली. तोच स्वेटर खुंटीवर होता.

ताई, माझी थोरली बहीण, ओले केस पुसत दारात उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे.

"परवाचा शेवटचा तास आहे हा," ती म्हणाली. आणि टॉवेल खांद्यावर टाकत, "त्यांनी आवाज पुसला."

"कसला आवाज?" अप्पांनी विचारलं.

"कसलाच नव्हता. तोच पुसला."

ताईकडे पहिलीचा वर्ग आहे. म्हणजे होता. पहिलीची मुलं शेवटच्या तासाला कशी असतात ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. उकळी आलेल्या भांड्यावर झाकण धरून उभं राहण्यातला प्रकार. बाकीच्या बाई ओरडायच्या, टेबलावर पट्टी आपटायच्या. ताईने एक खेळ काढला. त्याचं नाव चोरपावली. बाई टेबलावर डोकं टेकून डोळे मिटणार. मुलांनी उठायचं, हवं तिथे फिरायचं, पण पाऊल वाजवायचं नाही, बाक हलवायचा नाही. ज्याला वाटेल त्याने बाईंच्या कानाशी येऊन एक शब्द बोलायचा आणि बाईंनी न बघता तो कोण ते सांगायचं. आवाज झाला की सगळ्यांनी जागेवर. डोळे खरेच मिटायचे हा त्यातला मुख्य नियम, आणि तो बाईंसाठी होता. "फटीतून बघितलं की कार्ट्यांना लगेच कळतं गं," ताई सांगायची. "पापणी थरथरते. मग दिवसभर तोंड फुगवून बसतात."

ह्या खेळाने त्यांना अक्षरं कशी येतात ते मला समजावून सांगता येणार नाही, पण यायची. चुळबुळ करणारं पोर स्वतःच्या पायाकडे लक्ष द्यायला लागलं की मग पाटीकडेही देतं, असं काहीतरी ती म्हणायची.

लाल गोलातल्या मुलीला ताई मनी म्हणायची, कारण मांजरीसारखी चालायची. खरं नाव काहीही असो, आमच्या घरी ती मनीच. मनी शाळेत बोलत नव्हती. एक अक्षर नाही. दवाखान्यात आणली होती तेव्हा केसपेपर मीच केला होता. कान चांगले, घसा चांगला, डॉक्टर म्हणाले बोलेल तेव्हा बोलेल. चोरपावलीत ती रोज यायची आणि ताईच्या कानाशी नुसता श्वास सोडून जायची. ताई तिला श्वासावरून ओळखायची. "मनी," असं म्हटलं की पळून जायची. पुष्कळ दिवस असे गेले. मग एकदा 'खडू' म्हणाली. नंतर मध्येच कधीतरी 'दप्तर.' आणि ज्या दिवशी कुणीतरी हे चित्र घेतलं, त्या संध्याकाळी ताई घरी आली ती चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "मनी आज दोन शब्द बोलली. भिंतीवर पाल."

"ह्याचा पगार देतात होय तुला?" अप्पा तेव्हा हसून म्हणाले होते. ती थट्टा होती. चहाही त्यांनीच ठेवला होता.

चित्र चॅनलवर आल्यावर शाळेच्या फाटकाशी माईक घेतलेली एक तरुण मुलगी उभी राहू लागली, बरोबर कॅमेरावाला. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वाईट नाहीत, पण घाबरट. त्यांनी ताईला बोलावून सांगितलं की वरून चौकशीसाठी साहेब येणार आहेत, तोवर दार उघडं ठेवून शिकवा आणि टेबलाला हातसुद्धा लावू नका. बदली शिक्षिका नव्हती म्हणून वर्ग तिच्याकडेच राहिला. पालक येता-जाता दारातून डोकावत. एकाने आपल्या मुलाला मोठ्याने विचारलं, "जाग्या आहेत का रे?" वर्ग हसला. ताईही हसली म्हणे, काय करणार.

माझ्या खिडकीलाही ते पोचलं. एक आजोबा केसपेपरचे पैसे सरकवत म्हणाले, "मॅडम, जाग्या आहात ना? नाहीतर गोळी दुसऱ्यालाच जायची." रांग खदखदून हसली. आजोबा मनाचे चांगले, दर महिन्याला रक्तदाब दाखवायला येतात, माझी विचारपूस करतात. त्यांना ती माझी बहीण आहे हे ठाऊकही नव्हतं. ते आपले आम्हा सगळ्या सरकारी नोकरांबद्दलच बोलत होते. दुपारी मी चहाचा कप तोंडाला लावला तर रांगेतल्या एका तरुणाने मोबाईल वर केला. मी कप खाली ठेवला. तेव्हापासून मी खिडकीत चहा घेत नाही.

"मला नोकरीचं काही वाटत नाही," ताई एका संध्याकाळी मला म्हणाली. आम्ही दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. "गेली तर घरी शिकवण्या घेईन. पण हा वर्ग मला वर्ष संपेपर्यंत पाहिजे. मनी दोन शब्दांवर आलीय. आता मध्येच दुसरं कुणी आलं तर ती आत गेली ती गेलीच. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"पुन्हा कुणी तिच्या श्वासापासून सुरुवात नाही करणार गं."

त्याच आठवड्यात काचवाला घरी आला. शाळेने कितीतरी अर्ज केल्यावर वर्गाची फुटलेली काच बसवायला त्याला पाठवलं होतं, आणि त्या तासाला तो खिडकीबाहेर शिडीवर होता. चित्र त्यानेच घेतलेलं. दारात उभा राहून टोपी हातात फिरवत होता, आत यायला तयार नव्हता.

"बाई, मी गंमत म्हणून काढलं हो. मला इतकं नवल वाटलं. एवढी पोरं आणि माझ्या हातातल्या काचेला हवा लागतेय तेवढाच काय तो आवाज. मी मेहुण्याला पाठवलं, म्हटलं बघ, आपल्या वेळी अशा बाई असत्या तर मी शाळा सोडली नसती. त्याने कुठे पाठवलं, पुढच्याने कुठे. माझ्या हातात काही राहिलं नाही."

"तुमच्याकडे मूळ आहे?" ताईने विचारलं.

त्याने मोबाईल पुढे केला. ताईने तो कानाशी धरला आणि डोळे मिटले. मला वाटतं तिला सवयच होती. मग मी ऐकलं. काहीच नाही. मुलं फिरतायत, वळतायत, एक तर बाकावरून उतरतोय, आणि काहीच ऐकू येत नाही. लांबच्या रस्त्यावर एका गाडीचा हॉर्न वाजला तो सोडून. देवासमोर बसल्यावर जी शांतता मी रोज मागते आणि जी मला रोज मिळतेच असं नाही, ती त्या पोरांनी केली होती.

अप्पांनी ऐकलं. "बंद पडलाय हा," म्हणाले. मग हॉर्न वाजला.

"बाई खरंच झोपली असती," मी म्हटलं, "तर एवढ्या पोरांनी शाळा डोक्यावर घेतली नसती का, अप्पा?"

"घेतली असती," अप्पा म्हणाले. मग म्हणाले, "पण डोकं कशाला टेकायचं टेबलावर? ताठ बसून मिटायचे डोळे. आपणच लोकांच्या हातात कोलीत द्यायचं."

"चौकशीला हिच्याबरोबर चला ना. पाणीखात्यातले म्हणून तुमचा मान राहील."

"मी येऊन काय सांगू? मी होतो का वर्गात?" ते टीव्हीकडे बघत होते, तो बंद असूनही. "कोटवाला निदान चित्र तरी दाखवतो."

ताईने काचवाल्याला दारातच दिलेला चहाचा कप उचलला आणि आत नेला. पाणी बराच वेळ वाहत होतं.

काचवाला तेवढ्यावर थांबला नाही. मूळ चित्र घेऊन तो फाटकाजवळच्या माईकवाल्या मुलीकडे गेला. तिने पूर्ण ऐकलं म्हणे, दोनदा ऐकलं. "काका, खरंय तुमचं," ती म्हणाली. "पण शांततेची बातमी मी कशी करू? त्यात ऐकवायला काय आहे?" हे सांगताना काचवाल्याला तिचा राग आला नव्हता. "तिचंही पोट आहे," म्हणाला. "तिला वरून विचारतात, आज काय नवीन."

मनीची आई कपडे धुण्याच्या दुकानात काम करते. हातांना पुरळ उठलं म्हणून ती माझ्या खिडकीशी आली. मला ओळखून लाजली, मग हसली.

"आमची टीव्हीवर आली, बघितलं ना? तोंड दाखवत नाहीत, पण फ्रॉकवरून कळतं. पाहुणे येऊन बघून जातात. रोज लावायला सांगते." हातावरचं पुरळ खाजवत म्हणाली, "तुमच्या बहिणीचं वाईट वाटतं हो. दमत असतील. मीही कधी इस्त्रीशी उभ्या उभ्या पेंगते."

"ती झोपली नव्हती," मी म्हटलं. मी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "तो खेळ होता. तुमची मुलगी तिच्या कानात बोलत होती. शब्द बोलत होती."

ती माझ्याकडे दयेने बघत राहिली, जशी आपण आजारी माणसाच्या नातेवाइकाकडे बघतो.

"अहो, मी पाहिलं ना," ती हळूच म्हणाली.

"मुलीने काय सांगितलं तुम्हाला?"

"ती कुठे काय सांगते. आम्ही विचारतो, बाई झोपल्या होत्या ना गं, तू उठवत होतीस ना. मग मान हलवते. सगळे टाळ्या वाजवतात, तिला हसू येतं. इतकी कधी खुलली नव्हती."

मी ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मान हलवते म्हणजे उत्तर देते. चांगलंय." आणि कापडात गुंडाळलेली खडूची पेटी उगाच उघडून बंद केली.

चौकशीचे साहेब आले ते सर्दीने बेजार झालेले. माणूस तिरका नव्हता. चौकशी वर्गातच घ्यायची म्हणाले, म्हणजे टेबल बघता येईल. सोबतीला एक नातेवाईक बसू द्यायला त्यांची हरकत नव्हती, म्हणून मी अर्धी रजा टाकून शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. मोठ्या बाई दाराशी उभ्या होत्या. काचवाला भिंतीला टेकून. नव्या काचेपलीकडे कॅमेरावाला होता, त्याला फाटकाबाहेर ठेवायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

साहेबांनी आधी ताईच्या खुर्चीत बसून स्वतःच टेबलावर डोकं टेकून बघितलं. "झोप येऊ शकते," ते म्हणाले. ते थट्टेने म्हणाले असावेत. कुणी हसलं नाही. मग मूळ चित्र ऐकलं.

"मोबाईलचा माईक बंद असेल," नाक पुसत ते म्हणाले.

"साहेब, हॉर्न येतो की ऐकू," काचवाला म्हणाला.

"हॉर्न मोठा असतो."

मग त्यांनी वर्गातली काही मुलं बोलावली. पहिल्याने सांगितलं, चोरपावली खेळत होतो. दुसऱ्यानेही तेच. तिसरा जरा बोलका, त्याने पाय न वाजवता चालूनही दाखवलं. साहेबांना कौतुक वाटलं. त्यांनी त्याला जवळ घेऊन विचारलं, "हे असं सांगायला तुला कुणी सांगितलं, बाळा?"

"बाईंनी," तो म्हणाला.

"काय सांगितलं बाईंनी?"

"खरं सांगा म्हणाल्या."

साहेबांनी मान हलवली आणि लिहिलं. त्या पोराच्या उत्तराचा अर्धाच भाग कागदावर जातोय हे मला लांबून त्यांच्या हातावरून कळत होतं.

"पढवलेल्या मुलांचं काय धरायचं," ते मोठ्या बाईंना म्हणाले. "ती गोलातली मुलगी कुठे आहे?"

ताई उभीच होती. ती एक पाऊल पुढे आली. "साहेब, तिला नको. दुसऱ्या कुणालाही विचारा. अख्खा वर्ग विचारा."

"तिलाच का नको?"

"ती अजून मोठ्याने बोलत नाही. सगळ्यांसमोर उभं केलं तर मिटेल."

साहेब तिच्याकडे पहिल्यांदाच निरखून बघायला लागले. तोपर्यंत, मी शपथेवर सांगते, त्यांचं मन तिच्या बाजूला थोडं तरी होतं. "तिनेच बघितलंय सगळ्यात जवळून," ते म्हणाले, "आणि तिलाच विचारू नका म्हणता."

मोठ्या बाईंना मदत करायची होती. त्या घाईने म्हणाल्या, "साहेब, उलट तिलाच विचारा. ती शाळेत कुणाशी बोलतच नाही. तिला कुणी पढवणं शक्यच नाही."

साहेबांना ते पटलं. बाहेर बसलेल्या मनीच्या आईला हाक मारली.

मनी आली. फ्रॉक तोच होता, टीव्हीवरचा, कडक इस्त्री केलेला. वर्गात आल्यावर तिने आधी ताईकडे बघितलं, मग ताईच्या टेबलाकडे. टेबलाशी दुसरंच कुणी बसलेलं.

"बाळ, त्या दिवशी बाई काय करत होत्या?" साहेबांनी विचारलं.

मनी उभी राहिली. काही नाही.

"घाबरू नको. काय करत होत्या?"

ताई म्हणाली, "साहेब, एक विनंती आहे. तुम्ही डोळे मिटा आणि कान जरा पुढे करा. वेळ द्या. ती येऊन सांगेल. तिच्याच शब्दांत सांगेल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता करतात. त्यांनी चष्मासुद्धा काढला. मग त्यांची नजर काचेकडे गेली. कॅमेरावाल्याने कॅमेरा खांद्यावर नीट घेतला होता, बारकासा तांबडा दिवा लागलेला. साहेब कसंनुसं हसले.

"मी डोळे मिटू म्हणता? इथे?" त्यांनी चष्मा परत लावला. "बाई, मलाही घर आहे."



मनीची आई मुलीपाशी खाली बसली. तिला वाटत होतं आपली मुलगी साहेबांसमोर हुशार दिसावी, एवढंच. "सांग ना, राणी. घरी पाहुण्यांना सांगतेस तसं. टीव्हीतले काका काय म्हणतात?"

मनीने काचेकडे बघितलं. तांबडा दिवा तिलाही दिसला असणार. तिने हात सरळ खाली सोडले, मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई झोपल्या होत्या."

असा आवाज त्या वर्गात कुणी ऐकला नव्हता. तो भिंतीला लागून परत आला. तिच्या आईनेही तोंडावर हात धरला. घरीसुद्धा एवढं पूर्ण, एवढं मोठ्याने ती बोलली नसावी.

"शाब्बास," ताई म्हणाली.

तिने ते म्हणायला नको होतं, हे तिलाही कळत होतं. पण तोंडातून गेलंच. पोरगी बोलली होती. चार लोकांत, मान वर करून बोलली होती, आणि ताई त्या वर्गात इतके दिवस ज्याची वाट बघत आली होती ते तेवढंच होतं. ताईचे डोळे भरून आले. मनी तिच्याकडे बघून हसली.

साहेब लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोटवाल्याने ते दाखवलं. 'चिमुरडीने सत्य सांगितलं.' पुढे ताईचं 'शाब्बास' आलं, त्यावर तो म्हणाला, "पाहिलंत? लेकराने खरं सांगितलं तर बाई टोमणा मारतायत. डोळ्यांत पाणी आहे, पण ते कशाचं आहे ते तुम्हीच ओळखा." मी नेमात होते. अप्पांनी रिमोट उचलला. बंद करतील असं मला वाटलं. त्यांनी आवाज कमी केला आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

ताईला काढलं नाही. तिला तालुक्याच्या पुस्तक भांडारात बसवलं, जिथे वाटपाची पाठ्यपुस्तकं येतात आणि जातात. 'जनभावना लक्षात घेता' असं हुकमात होतं. तिथे मुलं येत नाहीत. ती डबा घेऊन वेळेवर जाते, वेळेवर येते. मी तिला तिच्या दिवसाबद्दल विचारते, ती सांगते. गठ्ठे, दोऱ्या, उंदीर. देवासमोर बसल्यावर आता मला काय मागावं ते सुचत नाही. नुसती बसते. नेम मोडत नाही इतकंच.

तिच्या जागी आलेल्या नव्या बाई एकदा घरी आल्या, वर्गाची माहिती विचारायला. अगदी कोवळ्या वयाची मुलगी, मन लावून काम करणारी. ताईला बघितल्या बघितल्या वाकली. ताईने तिला बसवलं, एकेका मुलाचं सांगितलं. कोण डावखुरा आहे, कुणाला लांबचं दिसत नाही आणि तो सांगत नाही, कुणाला रागावलं तर पोट दुखतं.

"शेवटच्या तासाला काय घेता?" ताईने विचारलं.

"पाढे म्हणवून घेते, बाई. मोठ्याने. बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जातात." ती जरा ओशाळली. "मोठ्या बाई म्हणाल्या, वर्ग चालू आहे हे बाहेर कळलं पाहिजे."

"आणि मनी?"

"कोण? अच्छा, ती. ती तर बोलते की, बाई. कुणी पाहुणे आले, अधिकारी आले, की न विचारता उभी राहते आणि ते वाक्य म्हणते." तिने वाक्य म्हटलं नाही.

"आणखी काय बोलते?"

नव्या बाईंनी मान खाली घातली. "आणखी काही नाही. पाढ्यांना ओठ हलवते, पण आवाज नसतो. मी जवळ जाऊन ऐकलंय." मग तिने वर बघितलं. "तुम्ही सांगाल ते करीन मी. खरंच करीन. सांगा, तिच्यासाठी मी काय करू?"

आतल्या खोलीत टीव्ही चालू होता, हलक्या आवाजात. ताई त्या मुलीच्या चेहऱ्याकडे खूप वेळ बघत राहिली. मला वाटलं आता चोरपावली सांगेल. डोकं कसं टेकायचं, श्वास कसा ओळखायचा, पापणी थरथरू द्यायची नाही ती कशी.

"काही करू नका," ताई म्हणाली. "डोळे उघडे ठेवा."